राउटरचं पाचवं पोर्ट आणि मिरजेचे व्याही

अण्णा नगर, चेन्नई
मार्गळी महिना (आपल्याकडचा मार्गशीर्ष आणि पौष यांच्या मध्ये कुठेतरी)

व्याहीपदी विराजमान श्री. सुधींद्रराव यांच्या सेवेशी, मुलाच्या बापाचा मान नावापुरताच उरलेल्या उमाकांतचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार.

आपला खोकला कसा आहे? मिरजेत यंदा थंडी जरा जास्त आहे असं ऊर्मी सांगते, आणि आपण पहाटे कान न बांधता फिरायला जाता असंही सांगते (ही बातमी तिला कोण पुरवतं ते मी सांगणार नाही, आपल्या शेजारच्या विद्युलताबाईंवर उगाच संशय घेऊ नये). इकडे आम्ही सगळे ठीक. थंडी म्हणजे काय ते आम्ही विसरून गेलो आहोत, तरी आमच्या खालच्या मजल्यावरचे सेतुमाधव राव मार्गळी लागली की माकडटोपी घालून दुधाच्या पिशव्या आणायला निघतात आणि घामाघूम होऊन परत येतात. अलकनंदाची कंबर अधूनमधून बोलते, पण अलकनंदा स्वतः सतत बोलत असल्यामुळे कंबरेचं फारसं कुणी ऐकत नाही. मकरंद, म्हणजे आपले जावई, पहाटे कंपनीच्या बसने गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात जातात आणि संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर जेवणाची वाट बघत झोपतात. आपली कन्या आणि आमची सून ऊर्मी सुखरूप आहे.

आपलं पत्र पोचलं. 'पोंगलला चार दिवस राहायला या' या आमच्या निमंत्रणाला आपण तिसऱ्यांदा नकार कळवलात, तोही इतक्या सुंदर अक्षरात की अलकनंदाला आधी वाटलं आपण येताय. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी अन्नपाणी घेऊ नये, हा आपल्या घराण्याचा नियम. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मागच्या वेळी आपण आलात तेव्हाही मी काही बोललो नव्हतो. आपण लॉजवर उतरलात, मेसमध्ये दहीभात खाल्लात, चार वाजता आमच्याकडे येऊन सोफ्याच्या कडेवर अशा बेताने बसलात की सोफ्यालाही उपकार वाटू नयेत, आणि तहान लागली तेव्हा पिशवीतून मिरजेची बाटली काढलीत. (सुधींद्रराव, दोन दिवसांच्या प्रवासाचं शिळं पाणी! चेन्नईचं पाणी फार चांगलं आहे असं मी म्हणत नाही, पण ते निदान त्या दिवशीचं तरी होतं.) ऊर्मी चहाचा कप घेऊन उभी होती. तिने तो परत आत नेला आणि ओट्यावर ठेवला, आणि तो संध्याकाळपर्यंत तिथेच होता. या वेळचं आपलं पत्र तिने वाचलं आणि घडी घालून पाकिटात परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसच्या कामाने आठवडाभर कोइंबतूरला गेली. कुमुदिनीवहिनींना जाऊन दोन वर्षं होत आली. आपण त्या घरात एकटे कुकर लावता आणि मुलगी इथे ओट्याकडे बघत बसते, हे आम्हां दोघांनाही आवडत नाही. पण असो. हे पत्र मी त्यासाठी लिहीतच नाहीये.

हे पत्र राउटरबद्दल आहे. आपण सगळं आयुष्य टेलिफोन खात्यात काढलंत, आणि तरी (की म्हणूनच?) फोनवर दोन वाक्यांच्या पुढे बोलत नाही, म्हणून हा कागदाचा मार्ग. आपल्यासारख्या माणसाला राउटर म्हणजे काय ते सांगण्याची गरज नाही, परंतु अलकनंदा हे पत्र पाकिटात जाण्यापूर्वी वाचणार आणि मग मलाच विचारत बसणार, म्हणून तिच्या सोयीसाठी थोडं विस्ताराने लिहितो. आपण मधली वाक्यं सोडून दिलीत तरी चालेल.

आमच्या रस्त्यावर महानगरपालिका, वीज, पाणी आणि मेट्रो यांपैकी कुणीतरी एक कायम खणत असतं. खणलं की इंटरनेटची तार तुटते. ऊर्मीचं अर्धं काम घरूनच असतं. तार तुटली की ती लॅपटॉप काखेत मारून खाली, रस्त्यावर, कॉफीच्या दुकानात अशी हिंडते. म्हणून मकरंदने दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या आणि पाच पोर्टांचा एक भारी राउटर आणला. दोन पोर्टांत बाहेरून येणाऱ्या दोन लाइनी, तिसऱ्यावर आमचं घर, चौथ्यावर खालचे सेतुमाधव राव (त्यांची वेगळी लाइन नाही, आमच्याच नेटवर त्यांच्या कनकाबाईंचा स्तोत्रांचा वर्ग चालतो), आणि पाचवं मोकळं. एक लाइन मेली तर दुसरीने काम उचलायचं. योजना उत्तम होती. राउटर आणला आणि तो खोक्यासकट टीव्हीच्या मागे ठेवला, कारण मकरंदला रविवारी झोप येते आणि बाकीच्या दिवशी कारखाना असतो.

ऊर्मी कोइंबतूरला गेली तेव्हा माझ्या मनात आलं की ती परत येईपर्यंत आपणच हे करून ठेवावं. पोर हिरमुसली होऊन गेली आहे, घरी आल्यावर काहीतरी एक नीट चाललेलं दिसू दे. मी संरक्षण खात्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढली, रणगाड्याचा गिअरबॉक्स उघडून परत बसवलेला माणूस मी. वीतभर लांबीच्या या काळ्या डबीचं मला काय वाटणार? अलकनंदा म्हणाली की गिअरबॉक्स परत बसवल्यावर दोन बोल्ट उरले होते हेही व्याह्यांना कळव. कळवलं.

पुस्तिकेत लिहिलं होतं की प्रत्येक पोर्ट म्हणजे एक इंटरफेस, म्हणजे घराचं एकेक दार. प्रत्येकाला नाव द्यायचं, ते बाहेरचं की आतलं ते ठरवायचं, आणि त्याला आकड्यांचा एक पत्ता द्यायचा. एवढंच काम. नावं मी पटापट दिली: 'बाहेर एक', 'बाहेर दोन', 'घर' आणि 'खालचे'. पत्त्यापाशी येऊन मात्र मी थांबलो, कारण तेवढ्यात सेतुमाधव राव वर आले. आपल्याला ते आठवत असतील. तंजावरकडचे, पिढ्यान् पिढ्या इकडचे, आणि त्यांची मराठी आपल्या-माझ्या मराठीपेक्षा दोनशे वर्षांनी वडील. लाइनवाल्याने भिंतीवर बसवलेल्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, जुन्या राउटरचा आतला पत्ताही कोणे एके काळी तोच होता, आणि नवा राउटर मात्र आपल्या आतल्या दाराला भलताच आकडा दाखवत होता. मी म्हटलं, आता हा नवाच ठेवू. तर सेतुमाधव राव कळवळून म्हणाले, "जुना नंबर कसाला काढतांत? नवा नंबर पोस्टमनला, जुना मनुष्यांला. जुना गेला की अस्कील चुकतांत!" (अस्कील म्हणजे सगळे.)

आता इथे आपल्याला चेन्नईची एक गोष्ट सांगितली पाहिजे. या शहरात प्रत्येक घराला दोन नंबर असतात, एक जुना आणि एक नवा. केव्हातरी महानगरपालिकेने सगळ्यांना नवे नंबर दिले, पण जुने परत घेतले नाहीत, आणि लोकांनी दोन्ही जिवापाड सांभाळले. आमच्या फाटकावर दोन पाट्या आहेत. गॅसवाला नव्या नंबरने येतो, भाजीवाली जुन्याने, आणि ऊर्मीच्या लग्नातला आहेर चुकून समोरच्या घरी गेला होता कारण त्यांचा नवा नंबर आणि आमचा जुना एकच आहे. (डिनर सेट होता. त्यांनी परत दिला, पण एक वाटी कमी आली.) तीस वर्षं इथे राहिलेल्या माणसाला सेतुमाधव रावांचं म्हणणं पटल्याशिवाय राहणार नाही. मला पटलं. मी आतल्या दाराला मोठ्या आपुलकीने जुना नंबर दिला, म्हणजे घरातल्या टीव्ही-मोबाईलना आपलं ओळखीचं दार सापडेल. तो नंबर बाहेर भिंतीवरच्या डब्याचाही आहे हे मला दिसत होतं. पण म्हटलं, एका नंबराची दोन घरं तर आमच्या गल्लीतही आहेत, काही बिघडलं नाही.

बिघडलं. राउटर हा प्राणी चेन्नईचा नाही. आत आणि बाहेर एकच पत्ता दिल्यावर त्याला कळेना की घराबाहेर कुठे पडायचं; जो निरोप बाहेर पाठवावा तो घरातल्या घरात फिरून परत येई. खाली कनकाबाईंचा वर्ग ऐन सहस्रनामात होता. त्यांच्या पडद्यावर शिकवणाऱ्या बाई तोंड उघडं ठेवून थिजल्या, आणि भक्तीत व्यत्यय नको म्हणून कनकाबाई त्यांच्यासमोर हात जोडून बराच वेळ बसून राहिल्या. मग वर आल्या आणि म्हणाल्या, "आमचं असूं दे हो. तुम्ही कसाला तोंड उतरवून बसलांत? कापी पितांत काय?" त्यांनी फिल्टर कॉफी पाठवली. या घरात माझ्याशी त्या दिवशी गोड बोललेल्या त्या एकट्याच. अलकनंदाची मालिकाही नेमकी त्याच वेळी अडकली होती, आणि सुनेच्या गळ्यातला हार खरा की खोटा ते तिला अजून कळलेलं नाही.

मी म्हटलं, चुकलेलं दुरुस्त करू. पुस्तिकेत होतं की इंटरफेस काही क्षण बंद करून परत चालू करता येतो. मी 'घर' नावाच्या इंटरफेसवर गेलो आणि तो बंद केला. सुधींद्रराव, आपल्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. माझा लॅपटॉप त्याच 'घर'मधून राउटरशी बोलत होता. दार ओढून घेतलं, लॅच लागलं आणि किल्ली आत राहिली, असं झालं. परत चालू करायचं बटण पडद्यावर होतं, आणि पडदा माझ्याशी बोलायला तयार नव्हता. सेतुमाधव राव म्हणाले की राहू काळात हात घातल्याचं हे फळ. मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले की मीही राहू काळातच वर आलो होतो, मग कसं सांगणार.

संध्याकाळी मकरंद आले. त्यांनी चपला काढता काढता सगळं ऐकलं आणि सोफ्यावर आडवं होऊन सांगितलं की बाबा, मागे एक बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालून दाबून धरा, सगळं पहिल्यासारखं होईल. टाचणी मिळेना, अलकनंदाने पदराची सेफ्टी पिन काढून दिली, एका हाताने पदर सावरत आणि मला राउटरसकट भंगारवाल्याकडे पाठवायच्या गोष्टी बोलत. मी दाबलं. सगळं खरंच पहिल्यासारखं झालं, म्हणजे इतकं पहिल्यासारखं की मी दिलेली नावंही गेली, मी भरलेली दोन्ही लाइनींची माहितीही गेली, आणि राउटर दुकानातून आला त्या दिवशीइतका निष्पाप होऊन दिवे लुकलुकवत बसला. तेव्हापासून मी रोज त्याच्यासमोर बसतो. एकदा 'बाहेर'ची तार 'खालचे'मध्ये घातली. एकदा दोन्ही लाइनी एकमेकींना जोडल्या. एकदा काहीच केलं नाही आणि तरीही खालून कनकाबाईंनी विचारलं की आता काय केलंत.

तर अशी परिस्थिती आहे. या क्षणी आमच्या घरात दोन लाइनी, पाच पोर्टं, चार सज्ञान माणसं आणि एक सेतुमाधव राव असूनही इंटरनेट नाही. मला कुणाला बोलवावं ते सुचत नाही. कंपनीचा माणूस येतो, डब्यावर बोटाने टकटक करतो आणि आमची बाजू बरोबर आहे असं सांगून जातो. ऊर्मीचं काम खोळंबणार म्हणून जीव खालीवर होतो. बाकी सर्व क्षेम. थंडीत काळजी घ्यावी, कान बांधावेत, आणि कुकरला शिटी आल्यावर पेपर वाचत बसू नये (हेही विद्युलताबाईंकडून कळलेलं नाही).

मुलीच्या सासरचा म्हणून आपण ज्याला उगाच बिचकून असता तो आपला स्नेहांकित,
उमाकांत

ता. क. : मुख्य मुद्दा राहिलाच. हे इंटरफेस बसवायला आपणच यावं. पाहुणे म्हणून नव्हे. टेलिफोन खात्याचे निवृत्त अधिकारी म्हणून, तांत्रिक कामासाठी. कामावर गेलेल्या माणसाला नियम लागत नाही. एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला आपण कुठलं पाणी पीत होता हे कुमुदिनीवहिनींनी कधी विचारलं नाही. तरीही शंका असेल तर पुस्तिकेत त्यावर उपाय सापडला आहे. पाचव्या पोर्टावर अतिथींसाठी वेगळा इंटरफेस करता येतो. त्यावरच्या माणसाला घरातलं काहीही दिसत नाही, घरातलं काही त्याच्याकडे जात नाही, त्याचं सगळं सरळ बाहेरून येतं. ते वाचताना मला आपलीच आठवण झाली. त्याच धर्तीवर, सेतुमाधव रावांची खालची पुढची खोली रिकामी आहे. मुक्काम तिथे, पाणी त्यांच्या माठाचं, जेवण कनकाबाईंच्या हातचं. आपण मुलीच्या घरी राहिलात असं कुणी म्हणू शकणार नाही. मधे एक मजला आहे. जिना चढून रोज थोडा वेळ दुरुस्तीला वर यायचं, एवढंच. ही दुरुस्ती पंधरा दिवस तरी चालेल असा माझा अंदाज आहे.

ता. क. २ : अलकनंदाने अपेक्षेप्रमाणे पत्र वाचलं. ती म्हणते की मृत माणसाची शपथ घातल्यासारखं वहिनींचं नाव मध्ये आणलंत, आता निदान बाकीचं खरं लिहा. खरं असं की राउटर चालू आहे. ऊर्मी परवा कोइंबतूरहून आली, खांद्यावरची बॅगही न उतरवता टीव्हीसमोर जमिनीवर बसली आणि माझी कॉफी निवायच्या आत चारही इंटरफेस बसवून मोकळी झाली. प्रत्येक तारेला तिने दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधली आणि त्यावर नाव लिहिलं. मी विचारलं, हे असं चिठ्ठ्या बांधणं कुठे शिकलीस? म्हणाली, नानांकडे, ते मला लहानपणी रविवारी एक्स्चेंजमध्ये न्यायचे. आणि मग म्हणाली की नाना आले असते तर त्यांनीच केलं असतं. आणि तोंड धुवायला गेली, आणि नळ उगाच बराच वेळ चालू राहिला. मला ते बघवलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. वरच्या मजकुरातल्या चुका मात्र सगळ्या खऱ्या आहेत, त्या कल्पनेने करण्याइतकी माझी प्रतिभा नाही. तेव्हा राउटर चालू आहे हे आपल्याला कळलेलंच नाही असं समजून निघावं. विचारलंच कुणी तर मी एखादी तार काढून ठेवीन.

ता. क. ३ (वेगळं अक्षर) : नाना, बाबांनी हे पत्र माझ्याकडे पोस्टात टाकायला दिलं आणि वाचू नकोस म्हणून दोनदा बजावलं, त्यामुळे वाचावंच लागलं. खालच्या खोलीत राहा, माझी हरकत नाही, बाबांचा सगळा बेत फुकट जायला नको. पण कनकामामी भाजीत गूळ घालत नाहीत आणि तुम्ही ते चार दिवसांत बोलून दाखवाल. आणि एक गोष्ट मी आधी मकरंदला सांगितली, ती आता तुम्हांला सांगते आहे; इथल्या आई-बाबांना अजून माहीत नाही, पण हे लिहून झाल्यावर पाकीट चिकटवायला मी बाबांकडेच देणार आहे. नाना, तुमचा नियम फार तर आषाढापर्यंत टिकेल असं डॉक्टर म्हणाल्या. त्याच्या आधी आलात तर मला जास्त आवडेल.

ऊर्मी